जाबदेणार क्रमांक एक

मोटार अपघाताच्या दाव्याचं समन्स हातात पडलं की गाडीमालक सगळ्यात आधी आकडा वाचतो. अर्ज कुणी केला, अपघात कुठला, आपल्याविरुद्ध नेमकं काय म्हटलंय, हे सगळं नंतर. पंचवीस लाख, चाळीस लाख, कधी एक कोटी. मग त्याला स्वतःचं नाव दिसतं आणि नावापुढं 'जाबदेणार क्रमांक एक'. विमा कंपनी त्याच्या खाली, क्रमांक दोनवर. कोल्हापूरच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणासमोर मी वीसेक वर्षं वकिली करते आणि त्यातलं बहुतेक काम या क्रमांक एकच्या बाजूनं केलंय. समन्स घेऊन येणाऱ्या माणसाचं पहिलं वाक्य जवळजवळ ठरलेलं असतं, "मॅडम, माझी चूक नव्हती." मी ते ऐकून घेते. चूक कुणाची हा प्रश्न महत्त्वाचा आहेच. पण माझ्यासमोर जे मालक आर्थिकदृष्ट्या उद्ध्वस्त झाले, ते बहुतेक चुकीमुळं नाही, गप्प बसल्यामुळं झाले.

आकड्याची भीती आधी काढावी लागते. जुनी चारचाकी वापरणारे एक किराणा व्यापारी तावातावानं मला म्हणाले होते, "माझी गाडी चार लाखांची न्हाई आणि हे तीस लाख मागत्यात?" मी त्यांना कागदावर हिशेब मांडून दाखवला. समजा गेलेला माणूस ३२ वर्षांचा, छोटा धंदा करणारा, महिना १५,००० रुपये मिळवणारा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे चाळिशीच्या आतल्या अशा माणसाच्या कमाईत पुढच्या वाढीपोटी ४० टक्के मिळवतात, म्हणजे २१,०००. घरात चार जण त्याच्यावर अवलंबून असतील तर त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा होतो, उरले १५,७५०. वर्षाचे १,८९,०००. सरला वर्मा प्रकरणाच्या २००९ च्या निकालातल्या कोष्टकात ३१ ते ३५ वयाला गुणक १६ आहे. गुणाकार ३०,२४,०००. अंत्यविधीचा खर्च, पत्नीला साहचर्य गमावल्याबद्दलची रक्कम, हे त्यावर वेगळं. "यात तुमच्या गाडीची किंमत कुठं आलीय, दाखवा," मी म्हटलं. ते बराच वेळ कागदाकडं बघत राहिले आणि मग विचारलं, "पोरं केवढी हाईत त्याची?" त्या दिवसापासून नवीन पक्षकाराला मी हा हिशेब स्वतःहून मांडून दाखवते. दावा म्हणजे आपल्यावर कुणी उगवलेला सूड नाही, एका घरातला पगार थांबलाय, हे त्याला त्या गुणाकारातून जितकं कळतं तितकं माझ्या बोलण्यातून कळत नाही.

दुसरी गोष्ट विम्याची. रस्त्यावर गाडी आणायची तर थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, मोटार वाहन कायद्याचं कलम १४६ तेच सांगतं. १००० ते १५०० सीसीच्या खासगी मोटारीसाठी १ जून २०२२ पासून त्याचा वर्षाचा मूळ हप्ता ३,४१६ रुपये ठरला. एवढ्या पैशांत तिऱ्हाईत माणसाच्या मृत्यूची किंवा दुखापतीची भरपाई न्यायाधिकरण जेवढी ठरवेल तेवढी कंपनी देते, तिला वरची मर्यादा नाही. दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला मात्र खासगी मोटारीच्या पॉलिसीत साडेसात लाखांची मर्यादा असते. मला सगळ्यात जास्त दिसणारा गैरसमज इथला आहे. अपघातानंतर सर्व्हेअर येतो, गॅरेजमधून गाडी दुरुस्त होऊन मिळते, बिल कंपनी भरते आणि मालकाला वाटतं, क्लेम मिटला. तो त्याच्या स्वतःच्या गाडीचा क्लेम होता. जखमी माणसाचा दावा वेगळा, त्याची फाइल वेगळी, कंपनीत ती बघणारी माणसंही वेगळी. पूर्वी तर दावा दाखल करायला मुदतच नव्हती, १९९४ च्या दुरुस्तीनं ती काढून टाकली होती. त्यामुळं गाडी विकून झाली, अपघात विसरून झाला आणि मग समन्स आलं, असं होत असे. १ एप्रिल २०२२ पासून अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांची मुदत पुन्हा लागू झाली आहे.

एक निवृत्त शिक्षक होते. गाडीचा विमा चालू होता, चालवणारा पगारी ड्रायव्हर होता. समन्स मुलानं घेतलं. शेजाऱ्यांनी सांगितलं, विमा आहे ना, मग कंपनी बघून घेईल. गुरुजी कोर्टात आलेच नाहीत. न्यायाधिकरणानं त्यांच्याविरुद्ध एकतर्फी चौकशी चालवायचा हुकूम केला. कंपनीनं कैफियतीत म्हटलं, ड्रायव्हरकडं वैध लायसन्स असल्याचं मालकानं दाखवलेलं नाही, पॉलिसीच्या अटीचा भंग झालाय. खोडून काढायला समोर कुणीच नव्हतं. निवाडा असा झाला की कंपनीनं आधी अर्जदारांना रक्कम द्यावी आणि मग ती मालकाकडून वसूल करावी. कोर्टात आम्ही याला 'पे अँड रिकव्हर' म्हणतो. अर्जदारांना पैसे मिळाले, ते व्हायलाच हवं होतं. पण काही वर्षांनी वसुलीची नोटीस गुरुजींच्या दारात आली, तेव्हा ते माझ्याकडं आले. पिशवीतून त्यांनी जी कागदपत्रं काढली त्यात ड्रायव्हरच्या लायसन्सची झेरॉक्स होती. कामावर ठेवताना त्यांनीच मागून घेतली होती, अपघाताच्या दिवशी ते वैध होतं, इतका नीटनेटका माणूस. तो एक कागद योग्य तारखेला दाखल झाला असता तर त्यांच्यावर एक रुपयाही आला नसता. एकतर्फी हुकूम रद्द करून घ्यायला आम्हाला विलंब माफीचा अर्ज करावा लागला, प्रत्येक पायरीवर कंपनीनं विरोध केला. शेवटी कागद रेकॉर्डवर आला. तोवर गुरुजींच्या निवृत्तिवेतनातलं बरंच काही वकिली, स्टॅम्प आणि येण्याजाण्यात गेलं होतं.

ज्या कंपनीला आपण हप्ता भरला तिचं आणि आपलं हित या खटल्यात एक असेलच असं नाही, हे गाडीमालकाला पटवणं मला अजूनही अवघड जातं. अपघात कुणाच्या चुकीनं झाला यावर दोघे एका बाजूला असतात. अट मोडली का या प्रश्नावर ते समोरासमोर असतात. म्हणून कंपनीचा वकील आहेच, मग आपला वेगळा कशाला, या प्रश्नाला माझं स्पष्ट उत्तर असतं, वेगळा हवा. परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं जा, पण वकीलपत्र दाखल करा.

लायसन्सवरून तर माझी उमेदीची वर्षं गेली. मोटार चालवायचं लायसन्स असलेला माणूस भाजीचा छोटा टेम्पो चालवत होता, लायसन्सवर ट्रान्सपोर्टचा शेरा नव्हता, एवढ्यावरून मालकाच्या अंगावर पूर्ण रक्कम आलेली मी पाहिलीय. २०१७ मध्ये मुकुंद देवांगन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की अशा वाहनाचं मालासह एकूण वजन ७५०० किलोच्या आत असेल तर हलक्या वाहनाचं लायसन्स पुरेसं आहे. विमा कंपन्यांनी त्यावर पुन्हा वाद नेला. ६ नोव्हेंबर २०२४ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं तेच कायम केलं, त्या दिवशी मला मार्केट यार्डातले माझे जुने टेम्पोमालक पक्षकार आठवले. त्यांच्या प्रकरणांचे निवाडे तोवर अंतिम होऊन गेलेले होते.

माणूस गाडी विकतो आणि सुटला असं समजतो. पन्हाळा तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं मोटारसायकल एजंटाला विकली. शंभराच्या बाँडवर लिहून घेतलं, नोटरी केली, २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर कोऱ्या सह्या दिल्या. एजंटानं ती पुढं दुसऱ्याला, त्यानं तिसऱ्याला दिली. आरसीवर नाव याचंच राहिलं. विमा संपला, कुणी भरला नाही. तिसऱ्याच्या हातून अपघात झाला आणि समन्स आलं ते गाडी चालवणाऱ्याबरोबर या शेतकऱ्याला. सर्वोच्च न्यायालयानं नवीन कुमार प्रकरणात ६ फेब्रुवारी २०१८ ला स्पष्ट केलंय की नोंदीत ज्याचं नाव तो मालक. जखमी माणसानं विक्रीची साखळी शोधत फिरायचं नाही. मला हा निकाल जखमीच्या बाजूनं बघितला तर पूर्ण न्याय्य वाटतो. माझ्यासमोर बसलेल्या माणसाला मात्र तो समजावून सांगताना शब्द सापडत नव्हते. "ताई, बाँड हाय की माझ्याकडं," एवढंच तो म्हणत होता. त्या बाँडच्या जोरावर विकत घेणाऱ्याला पक्षकार करून घेता आलं, पुढं त्याच्याकडून वसुलीचा मार्ग मोकळा राहिला. पण निवाडा याच्याविरुद्धही झाला. अशी रक्कम कलम १७४ प्रमाणं जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. सातबारावर ज्याची उपजीविका आहे त्याला याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

कोल्हापूर म्हटल्यावर ऊस आलाच. गळीत हंगाम सुरू झाला की शिरोळ, हातकणंगले, कागल, करवीर, सगळीकडच्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रभर चालतात. मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलानं माखलेला, ट्रॉलीच्या बाहेर वाढ्याची टोकं. टायर बसला की ट्रॉली तिथंच डांबरावर सोडून चालक मिस्त्री शोधायला जातो. अशा एका ट्रॉलीवर रात्री कारखान्यातून घरी निघालेला कामगार मोटारसायकलसह आदळला. ट्रॅक्टरमालक मला म्हणाला, "मॅडम, गाडी हुबी हुती ओ. त्योच यीऊन धडकला." त्याच्या मनात ते अगदी खरं होतं, उभ्या गाडीचा काय दोष? पंचनाम्यात ट्रॉलीमागं दगड, फांदी, दिवा काहीही ठेवल्याची नोंद नव्हती. न्यायाधिकरणानं मोठा दोष आमच्यावर टाकला, थोडा मोटारसायकलस्वारावर. ट्रॅक्टरची पॉलिसी होती, पण दोन ट्रॉल्यांपैकी जिला धडक बसली तिची नव्हती, आणि मालकाला रकमेचा भार सोसावा लागला. त्यानंतर त्या गावात मी दोनदा जाऊन बोललेय, सोसायटीच्या बैठकीत. रिफ्लेक्टरचा कागद किती स्वस्त असतो हे त्यांना माझ्याहून जास्त माहीत आहे. हंगामात एक खेप जास्त मारायची घाई त्याच्या आड येते, आणि ती घाई तोडणीच्या, कारखान्याच्या आणि पैशाच्या एका मोठ्या साखळीतून येते, एकट्या चालकाच्या डोक्यातून नाही. तरी समन्स येतं ते मालकाच्याच नावावर.

एकदा संध्याकाळी ऑफिस बंद करता करता एक वडील आले. सतरा वर्षांच्या मुलानं मोटार बाहेर काढली होती आणि शिये फाट्याजवळ सायकलवाल्याला उडवलं होतं. फिर्याद अजून झालेली नव्हती. त्यांना एवढंच विचारायचं होतं, गाडी मी चालवत होतो असं सांगितलं तर चालेल ना, माझ्याकडं लायसन्स आहे. ते रडत होते. मी नाही म्हणाले. खोटा चालक उभा केला तर एका अपघातातून खोट्या पुराव्याचा गुन्हा तयार होतो आणि त्यात आई-वडील, साक्षीदार सगळे अडकतात, हे मी त्यांना सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनं आलेलं कलम १९९क पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड सांगतं, हेही लपवलं नाही. त्यांनी खरं सांगितलं. त्याची किंमत त्यांना मोजावी लागली. मुलाकडं लायसन्स नसल्यानं कंपनीनं दिलेली रक्कम त्यांच्याकडून वसूल करण्याचा हुकूम झाला, आणि घराशेजारचा मोकळा प्लॉट त्यांनी विकला. खरं बोलून त्यांचं भलं झालं असं मी कुणाला सांगत नाही. तो मुलगा आज नोकरी करतो आणि त्याच्या नावावर खोटी साक्ष नाही, एवढं मला माहीत आहे.

चूक कुणाची या प्रश्नाबद्दल इतकंच. फौजदारी खटल्यात सुटलो म्हणजे दावाही सुटला, असं होत नाही. तिथं संशयापलीकडं सिद्ध करावं लागतं, इथं शक्यता कुठल्या बाजूला जास्त झुकते ते बघतात. म्हणून स्थळ पंचनाम्यातली मापं, टायरच्या खुणा, रस्त्याची रुंदी, गाड्या कुठं होत्या, याला महत्त्व आहे. मोठ्या गाडीवर गुन्हा दाखल व्हायचा कल असतो, हे खरं आहे. पंचनाम्यात काही सुटलं असेल तर त्याच दिवशीचे फोटो उपयोगी पडतात, दोन वर्षांनी कैफियतीत लिहिलेला राग उपयोगी पडत नाही. एप्रिल २०२२ पासून तर पोलिसांनी ४८ तासांत पहिला अपघात अहवाल द्यायचा, चालकानं आणि मालकानं ३० दिवसांत आपापला फॉर्म भरून द्यायचा, अशी पद्धत नियमांतच आली आहे. समन्स येण्याआधीच तुमची बाजू लिहून देण्याची ही संधी आहे. लोक तो फॉर्म पोलिसांचा त्रास समजून टाळतात.

अपिलासाठी पूर्वी मुंबई होती. रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस, सकाळी उच्च न्यायालय, प्रकरण बोर्डावर आलं तर आलं, पुन्हा रात्रीची गाडी. कित्येक मालकांनी चुकीचा निवाडा केवळ या प्रवासापायी सोसला. खंडपीठासाठी इथल्या वकिलांनी आणि लोकांनी चार दशकं आंदोलन केलं, त्यात मीही उन्हात बसलेय. १७ ऑगस्ट २०२५ ला तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते कोल्हापूर सर्किट बेंचचं उद्घाटन झालं आणि दुसऱ्या दिवसापासून सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत सहा जिल्ह्यांचं काम सुरू झालं. अपील करताना २५,००० रुपये किंवा निवाड्याच्या निम्मी रक्कम, यातली जी कमी ती भरावी लागते, मुदत ९० दिवसांची. पन्हाळ्याचा तो शेतकरी आता एसटीनं येतो आणि दुपारी गोठ्यात परत असतो.

राहिला तो प्रश्न, जो कायद्याच्या पुस्तकात अर्धाच आहे. जखमीला भेटायला जावं का? मला हा प्रश्न हळू आवाजात विचारला जातो, बहुधा उठता उठता. कलम १३४ प्रमाणं चालकानं जखमीला वैद्यकीय मदत मिळवून द्यायची, चोवीस तासांच्या आत पोलिसांना कळवायचं, विमा कंपनीलाही कळवायचं. जमावामुळं ते शक्य नसेल तेवढा अपवाद कायद्यानं ठेवलाय. पण पॉलिसीत एक अटही छापलेली असते, कंपनीच्या लेखी संमतीशिवाय कसलीही कबुली, देऊ केलेली रक्कम किंवा वचन द्यायचं नाही. या दोन ओळींमध्ये माणूस अडकतो. वकिलीच्या पहिल्या काही वर्षांत माझे ज्येष्ठ सांगायचे, सरळ सांग की लांब राहा. सावध सल्ला म्हणून तो बरोबरच होता.

मी तो सल्ला देणं सोडलं ते दोन प्रकरणांमुळं. एका कारखानदाराचे नातेवाईक पाकिटात रोकड आणि 'आमची काही तक्रार नाही' असं टाइप केलेला स्टॅम्प पेपर घेऊन चौथ्या दिवशी जखमीच्या घरी गेले होते. त्या घरानं पुढं कुठलीही तडजोड मानली नाही, प्रकरण शेवटपर्यंत लढलं गेलं. उलटतपासात आईनं त्या स्टॅम्प पेपरबद्दल सांगितलं तेव्हा मला तिच्याकडं बघवत नव्हतं. दुसऱ्या प्रकरणात गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत काम करणाऱ्या एका तरुणाच्या मोटारीखाली उचगावजवळ एक वयस्क माणूस आला. गर्दी जमली, याला मार बसला, तरी त्यानं त्यांना रिक्षात घालून सीपीआरला नेलं, फॉर्मवर स्वतःचं नाव लिहिलं, रक्ताच्या बाटलीसाठी पळापळ केली. तिसऱ्या दिवशी ते गेले. दावा झाला, रीतसर लढला गेला, दोषही आमच्या बाजूला धरला जाणार हे दिसत होतं. राष्ट्रीय लोकअदालतीत कंपनीनं रक्कम वाढवली. तिथल्या निवाड्यावर अपील नसतं, म्हणून सही करण्याआधी पॅनेलनं गेलेल्या माणसाच्या पत्नीला पुन्हा विचारलं, रक्कम मान्य आहे ना? त्या म्हणाल्या, "पैसं कंपनीचं हाय. ह्या पोरानं आमच्या मानसाला टाकून पळ काढला न्हाई, म्हनून लेकीला मुंबईस्नं यीऊन बापाशी बोलता आलं." त्यांनी त्याला माफ केलं असा त्याचा अर्थ मी काढत नाही. त्यांनी जे घडलं ते सांगितलं.

म्हणून आता मी सांगते, जा. पैसे घेऊन जाऊ नका, कागद घेऊन तर मुळीच नाही. चूक कुणाची यावर बोलू नका, विचारपूस करा, औषधाची चिठ्ठी दिसली तर औषध आणून द्या, शिव्या मिळाल्या तर ऐकून घेऊन या. माणुसकीनं केलेली मदत म्हणजे चुकीची कबुली, असं एकाही निवाड्यात माझ्या पक्षकाराविरुद्ध धरलं गेलेलं नाही. कंपनीला मात्र अपघाताची खबर लेखी द्या आणि पोच घ्या.

गेल्या आठवड्यात रंकाळ्याकडचा एक मुलगा आला. दुचाकीवरच्या आजींना त्याच्या मोटारीचा धक्का लागलाय, मांडीचं हाड मोडलंय, अजून दावा नाही, पण होणार. आम्ही दोघांनी बसून कंपनीला पाठवायचं पत्र तयार केलं, आरसी, पॉलिसी, लायसन्स यांच्या प्रती जोडल्या, त्या दिवशीचे फोटो तारखेसह काढून ठेवले. दवाखान्यात कधी जाऊ, त्यानं विचारलं. भेटीची वेळ चार ते सहा होती. साडेतीन झाले होते, मी त्याला लगेच निघायला सांगितलं.